टेलिकॉमचं सॉफ्टवेअर: आपल्याकडच्या पोरांनी यात यावं का?

मांजराकाठ
आपल्याकडं ईटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अन् टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, शिकलेल्या पोरांपैकी खरोखर टेलिकॉममध्ये किती जण जातात? माझ्या पाहण्यात फार थोडे. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगर, कुठल्याही कॉलेजात विचारा. चार वर्षं मॉड्युलेशन अन् स्विचिंग शिकायचं आणि शेवटी विम्याचं नाहीतर बँकेचं सॉफ्टवेअर लिहायला पुण्याला जायचं. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

माझं थोडक्यात सांगतो. लातूरला शिक्षण, मग बंगळूरला टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर पहिली नोकरी, आणि १९९८ ला एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासमधलं रिचर्डसन. डलासच्या उत्तरेला हायवेच्या दोन्ही अंगाला तेव्हा टेलिकॉमच्याच कंपन्या होत्या, त्या पट्ट्याला ‘टेलिकॉम कॉरिडॉर’ म्हणतात. अजून तिथंच आहे. कंपन्या बदलल्या, व्हिसाचं ग्रीन कार्ड झालं, काम मात्र तेच राहिलं: एकानं नंबर लावला की दुसऱ्याकडं घंटी वाजली पाहिजे.

सुरुवातीला हे काम एसएस-७ मध्ये, म्हणजे एक्स्चेंजनी एकमेकांशी बोलायच्या जुन्या पद्धतीत, चालायचं. एका कॉलला आयएएम, एसीएम, एएनएम, आरईएल, आरएलसी असे पाच निरोप एक्स्चेंज एकमेकांना पाठवतात. नंतर आयपी आलं, म्हणजे कॉल इंटरनेटच्या पद्धतीनं जाऊ लागले, तिथं इन्व्हाइट, रिंगिंग, ओके, बाय. मग आयएमएस, व्होल्टी या आयपीवरच्याच पुढच्या पिढ्या, आता ५जी कोअर, म्हणजे ५जी नेटवर्कचा गाभा. निरोपांची नावं बदलली. पण पलीकडच्यानं फोन उचलला त्याच क्षणी अलीकडच्यानं ठेवला तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक पिढीत तसाच आला. मला मिळालेली सगळ्यात अवघड चूक याच जागची होती. ‘रद्द करा’ आणि ‘उचलला’ हे दोन निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून जायचे. एका मशीनच्या लेखी कॉल संपलेला, दुसऱ्याच्या लेखी चालू, आणि बिल फिरतच राहायचं. लाखांत एखादाच कॉल असा. प्रयोगशाळेत कधी सापडायचा नाही. शेवटी चालू नेटवर्कचे ट्रेस, म्हणजे निरोपांच्या नोंदी, ओळीनं वाचत गेलो तेव्हा सापडला. त्या दिवशी जो आनंद झाला तो पगारवाढीला झाला नव्हता.

तर माझं म्हणणं असं: हे क्षेत्र खोल आहे, त्यातलं ज्ञान लवकर शिळं होत नाही, आणि आपल्या पोरांना त्याचा पाया कॉलेजातच मिळालेला असतो. तो सोडून देऊ नये. तुमचे अनुभव लिहा, विरोधातले असले तरी लिहा.

उमरगेकर
विरोधातलंच लिहितो मग. मी पुण्यात सर्व्हिस कंपनीत आहे, भरतीच्या मुलाखती घेतो. टेलिकॉमची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या उरल्या किती? ल्युसंट २००६ मध्ये अल्काटेलमध्ये गेली, अल्काटेल-ल्युसंट पुढं नोकियात गेली. नॉर्टेलनं जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मोटोरोलाचा नेटवर्कचा धंदा विकला गेला. आज मोठ्या म्हणाव्यात अशा एरिक्सन, नोकिया, हुआवे, झेडटीई, सॅमसंग. म्हणजे मालक हाताच्या बोटांवर. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एक नोकरी गेली तर शंभर दारं असतात. तुमच्याकडं पाच.

उमरग्याच्या, निलंग्याच्या पोराच्या घरी शिक्षणाचं कर्ज असतं. त्याला क्षेत्राची खोली नको, पहिल्या वर्षी हप्ता फिटला पाहिजे. तुमची आवड खरी आहे यात शंका नाही, पण सल्ला त्याच्या पायरीवर उभं राहून द्यावा.

हुरडा_पार्टी
दोघंही बरोबर बोललालेत. आता मी काय करावं? 😀

निवृत्त_जेटीओ
मी परभणीचा. टेलिफोन खात्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. परदेशाचं मला ठाऊक नाही, पण ही मंडळी ज्यावर काम करतात त्याचं दुसरं टोक आमच्या हातात होतं, म्हणून लिहितो.

तरुणांना खरं वाटणार नाही, पण परभणीहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून बसावं लागायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे प्रकार. लायटनिंगला साध्याच्या कितीतरी पट पैसे. कुणी वारलं तरच लोक लायटनिंग लावत. फोनसाठी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही.

यात बदल झाला तो सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेनं. १९८४ ला सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं संस्था निघाली आणि तिथल्या तरुण इंजिनिअरांनी १२८ पोर्टचं खेड्यासाठीचं एक्स्चेंज बनवलं, ज्याला आम्ही ‘रॅक्स’ म्हणायचो. पहिलं कर्नाटकात कित्तूरला १९८६ मध्ये बसलं. त्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला एसी लागायचा नाही. बाहेरच्या देशांतल्या एक्स्चेंजना थंड खोली हवी. आपल्याकडं मे महिन्यात पाथरी-मानवतला बंद खोलीत काय उकाडा असतो ते सांगायला नको. वीज गेली की बॅटरीवर चालायचं. धूळ, ऊन, लोडशेडिंग हे सगळं धरून ते डिझाईन केलेलं होतं.

मी स्वतः त्याची कार्डं बदलली आहेत. कार्ड बदललं की दिवे लागत, टोन येई आणि दाराबाहेर उभे असलेले गावकरी विचारत, “साहेब, आलं का?” हे सगळं सॉफ्टवेअरवर चालतं हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण ते लिहिणारी माणसं कोण हे कधी कळलं नाही. मांजराकाठ, तुम्ही बंगळूरला होता म्हणजे त्याच काळातले. भेटल्यासारखं वाटलं.

मांजराकाठ
काका, तुमचा प्रतिसाद वाचून भरून आलं. आम्ही तिकडं टेबलावर बसून ‘फिल्डवरून तक्रार आली’ म्हणायचो. ते फिल्ड म्हणजे तुम्ही.

लाईनमनचा_पोर
मी स्टॉकहोमजवळ किस्ता इथं आहे. वडील औसा तालुक्यात लाईनमन होते, म्हणून हे नाव घेतलं.

मी टेलिकॉममध्ये का आलो ते सांगतो, मग उमरगेकरांशी बोलतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होत होती. मी पुण्यात शिकत होतो. सकाळी रेडिओवर किल्लारीचं कळलं. एसटीडी बूथवर एवढी माणसं की रस्त्यापर्यंत रांग, सगळी आपल्याच भागातली. नंबर लावला की एकच आवाज: “या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत.” पुन्हा लावायचं, पुन्हा तेच. आमच्या घरचे सुखरूप आहेत हे मला दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याकडून कळलं. वडील तेव्हा घरी नव्हतेच, खांब उभे करायला गेले होते.

पुढं स्वीडनला आलो आणि मला काम मिळालं ओव्हरलोड कंट्रोलचं. म्हणजे नेमकं तेच. हजारो लोक एकाच वेळी एकाच गावाला फोन लावतात तेव्हा एक्स्चेंजनं काय करावं? सगळ्यांना घ्यायला गेलं तर प्रोसेसरचा सगळा वेळ अर्धवट कॉलमध्ये जातो आणि एकही पूर्ण होत नाही. म्हणून काही कॉल दारातच नाकारायचे, ठरावीक अंतरानं एक-एक आत सोडायचा. याला कॉल गॅपिंग म्हणतात. आणीबाणीच्या सेवांचे कॉल आधी, आणि त्या गावातून बाहेर येणाऱ्याला आत जाणाऱ्यापेक्षा अग्रक्रम, कारण आतला एक माणूस “आम्ही ठीक आहोत” म्हणाला की बाहेरचे दहा कॉल थांबतात. हे शिकताना मला तो बूथ आठवायचा. ती व्यस्त लाईनसुद्धा कुणीतरी विचार करून लिहिलेली असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

उमरगेकर, मालक पाच हे खरं. पण त्या पाचांची यंत्रं एकमेकांशी बोलावी लागतात, म्हणून नियम सगळ्यांना एकच. थ्रीजीपीपी म्हणजे मोबाइल नेटवर्कचे नियम ठरवणारी जागतिक संघटना, तिची स्पेसिफिकेशन्स एरिक्सनलाही तीच, नोकियालाही तीच. ती ज्याला कळली तो कुठल्याही दारात उभा राहू शकतो. शिवाय ऑपरेटर, चिप बनवणारे, चाचणीची यंत्रं बनवणारे वेगळेच. तुम्ही ते मोजले नाहीत.

बालाघाट
> एकाच वेळी एकाच गावाला फोन

अमेरिकेत मदर्स डेला असंच व्हायचं. मी तिकडं होतो तेव्हा त्या रविवारी आमच्या टीमला सुट्टी नसायची.

मोसंबी
मी जालन्याची, संभाजीनगरच्या सरकारी इंजिनिअरिंगमधून ईटीसी. या धाग्यात सगळे पुरुष आपापल्या कंपन्यांचं सांगतायत, म्हणून मुद्दाम लिहिते.

लग्न होऊन न्यू जर्सीला आले एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. विद्यापीठात पहिल्या दहांत आलेली मुलगी घरी बसली. नवरा चांगला आहे, त्यानं कधी काही म्हटलं नाही, पण माझं मन मला खात होतं. ज्या भागात राहत होतो तिथून बेल लॅब्स या टेलिफोनच्या संशोधन संस्थेची मरी हिल आणि होल्मडेल ही दोन्ही ठिकाणं गाडीच्या अंतरावर. ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये मरी हिलला तयार झाला, हे आम्ही पाठ केलेलं. त्या रस्त्यावरून मुलाला डेकेअरला सोडायला जायचं.

मी मग स्पेसिफिकेशन्स वाचायला लागले. ती फुकट मिळतात, व्हिसा विचारत नाहीत. मुलगा झोपला की एलटीईच्या (४जीच्या) नोंदणीची प्रक्रिया कागदावर काढायची: फोन चालू झाला, टॉवरशी बोलला, ओळख पटवली, पत्ता मिळाला. मे २०१५ मध्ये काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळायला लागला आणि मी पहिल्याच मुलाखतीत ते कागद समोर ठेवले. टेस्टिंगमध्ये घेतलं. लोक टेस्टिंगला दुय्यम समजतात. समजू द्या.

माझं काम आणीबाणीच्या कॉलचं. ९११ या अमेरिकेतल्या आणीबाणीच्या नंबरला लावलेला कॉल कधीही अडकता कामा नये. फोनमध्ये सिम नसलं तरी लागला पाहिजे, बिल थकलं असलं तरी लागला पाहिजे, स्वतःच्या कंपनीचा टॉवर नसेल तर शेजारच्या कंपनीच्या टॉवरवरून लागला पाहिजे. आणि याची चाचणी खऱ्या ९११ वर करता येत नाही, तिथं माणूस बसलेला असतो. त्यासाठी बाहेरचा सिग्नल आत येणार नाही अशी धातूनं मढवलेली खोली असते, आत खोटं नेटवर्क उभं करतात. त्या खोलीत मी वर्षानुवर्षं ‘मदत पाहिजे’ असे कॉल लावतेय. माझ्या सहीशिवाय सॉफ्टवेअर पुढं जात नाही. मला याचा अभिमान आहे.

मुलींनी यात जरूर यावं. आणि लग्न करून बाहेर जाणार असाल तर व्हिसाचा प्रकार आधी नीट वाचा, मुहूर्त नंतर काढा.

हुरडा_पार्टी
ताई, शेवटचं वाक्य मंगल कार्यालयाच्या दारावर लावायला पाहिजे.

गोदातीर_२६
नमस्कार सर्वांना. मी नांदेडला ईटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज हा धागा उघडून बघतोय. कॅम्पसमधून एका सर्व्हिस कंपनीत निवड झाली आहे, जॉइनिंग कधी ते अजून कळालं नाही. घरी दोन एकर कोरडवाहू, वडील म्हणतात मिळालंय ते सोडू नको.

मला कम्युनिकेशन विषय खरंच आवडतो. पण भीती दोन गोष्टींची. एक, माझं शिक्षण दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून. ते जाडजूड इंग्रजी कागद मला झेपतील का? दुसरं, आमच्या लॅबमध्ये जुनी किट्स आहेत, ५जी वगैरे फक्त पुस्तकात. घरी बसून शिकता येतं का हे?

उमरगेकर
गोदातीर, वडील बरोबर सांगतायत. ऑफर घे. जॉइन झाल्यावर आमच्यासारख्या कंपन्यांतही टेलिकॉमचे क्लायंट असतात, तिथं जागा माग. हे मी या धाग्यात शिकलो असं म्हणेन, कारण लाईनमनच्या पोरानं ऑपरेटर आणि चिपवाल्यांचं म्हटलं ते मी धरलं नव्हतं.

पण माझा मुख्य मुद्दा मी सोडत नाही. आता टेलिकॉमचं सॉफ्टवेअरसुद्धा बाकीच्यांसारखं कंटेनर आणि कुबरनेटीसवर चालतं, ५जी कोअर म्हणजे वेबच्याच एचटीटीपीवर बोलणाऱ्या सेवाच आहेत. मग टेलिकॉम आणि बाकीचं यातली भिंत पातळ झाली की नाही? पोरानं आधी लिनक्स, नेटवर्किंग आणि एक भाषा पक्की करावी. पुढं दोन्हीकडं जाता येतं.

बालाघाट
मी परत आलेला आहे, संभाजीनगरला राहतो. ती बाजू कुणी लिहिली नाही म्हणून सविस्तर लिहितो.

२००१ मध्ये काय झालं ते मांजराकाठांनी एका ओळीतही सांगितलं नाही. मी तेव्हा त्याच रिचर्डसनच्या पट्ट्यात होतो. इंटरनेटचा बाजार फुटला आणि सगळ्यात मोठा फटका टेलिकॉमला बसला. ऑपरेटरांनी कर्ज काढून फायबर पुरून ठेवलं होतं, वापरायला ट्रॅफिकच नव्हतं. वर्ल्डकॉम जुलै २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. आमची टीम एका शुक्रवारी संपली. हल्ली एच-१बी वाल्याला नोकरी गेल्यावर साठ दिवसांपर्यंत मुदत मिळते, तो नियम २०१७ चा. तेव्हा तसंही काही नव्हतं. घरभाडं, गाडीचा हप्ता, बायको गरोदर, आणि देशात राहायचा हक्कच नोकरीला बांधलेला. मी एका कंत्राटदाराकडं अर्ध्या पगारावर गेलो, त्यानं माझ्या परिस्थितीचा पुरेपूर फायदा घेतला. त्या वर्षी घरी मी सगळं ठीक आहे म्हणूनच सांगत होतो.

त्यातून सावरलो, चांगली वर्षंही आली. ग्रीन कार्डची रांग मात्र हलेना. भारतात जन्मलेल्यांसाठी दरवर्षीचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास अडकवलेला, आणि अर्जदार प्रचंड. मग आईचं दुखणं आलं आणि मी परतायचं ठरवलं.

इथं आल्यावर कळलं की वाळूज-शेंद्र्यात कारखाने खूप, पण टेलिकॉमचं डेव्हलपमेंट नाही. ते बंगळूर, गुरुग्राम, चेन्नईला. सध्या एका परदेशी कंपनीचं काम घरून करतो, संध्याकाळी सुरू होतं आणि मध्यरात्रीनंतर संपतं. आईजवळ आहे, एवढ्यावर मी समाधानी आहे.

मांजराकाठ, तुमच्याशी माझा वाद नाही. काम तुम्ही म्हणता तसंच सुंदर आहे. पण पोरांना सांगताना कामाची खोली आणि व्हिसाची दोरी ही दोन्ही सांगा.

मांजराकाठ
बरोबर आहे, तुमचं सगळं मान्य. २००१ चं मी लिहायला हवं होतं. मी त्यात टिकलो त्याचं कारणही नोंदवतो, पोरांच्या उपयोगाचं आहे. तेव्हा जुनी एक्स्चेंज आणि नवं आयपी यांच्यामध्ये पूल बांधायचं काम निघालं होतं. एसएस-७ चे निरोप आयपीवरून न्यायचे, सिगट्रॅन म्हणतात त्याला. जुनं जाणणारे आयपी शिकायला तयार नव्हते आणि आयपीवाल्यांना जुन्यात रस नव्हता. मला दोन्ही थोडंथोडं येत होतं. बदलाच्या वेळी दोन पिढ्यांच्या मधली जागा नेहमी रिकामी असते.

धाकटा_भाऊ
मी इंजिनिअर नाही. माझा थोरला भाऊ अमेरिकेत फोनच्याच कंपनीत आहे. आम्ही लातूर तालुक्यात शेती करतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष आम्ही काढलं, दादाचे पैसे आले म्हणून जनावरं विकावी लागली नाहीत. ते उपकार मी विसरणार नाही.

पण एक बोलतो. वावर विकायचं का, बापाचं ऑपरेशन लातूरला करायचं का सोलापूरला, बहिणीचं स्थळ, हे सगळं मी एकट्यानं ठरवलं. दादा व्हिडिओवर असतो, ऐकतो, पण मध्येच त्याची मीटिंग लागते. बाहेर जाणाऱ्यानं घरी राहणाऱ्याशी आधी बसून बोलावं, कोण काय सांभाळणार ते. आमच्यात ते कधी झालं नाही.

लाईनमनचा_पोर
भाऊ, तुमचा प्रतिसाद मी माझ्या धाकट्याला पाठवला आणि फोनही लावला. आम्ही बोललो.

निवृत्त_जेटीओ
पूर्वी कॉलिंग कार्डवरून परदेशातली पोरं बोलायची तेव्हा आवाज असा का यायचा हो? आपण बोललं की आपलाच आवाज परत ऐकू यायचा. आमच्याकडं तक्रारी यायच्या, आणि लोकल लाईन तर ठणठणीत असायची.

मांजराकाठ
काका, दोन कारणं. घरापर्यंत दोन तारा आणि पुढं चार तारा, या सांध्यावर आवाजाचा थोडा भाग परत फिरतो. जवळच्या कॉलमध्येही फिरतो, पण इतक्या लवकर येतो की कानाला कळत नाही. अंतर वाढलं की उशिरा येतो आणि ऐकू येतो. उपग्रहावरून गेला तर पाव सेकंद नुसता एका बाजूचा. त्यासाठी इको कॅन्सलर बसवतात, स्वस्त कार्डवाले त्यातच काटकसर करत. दुसरं, साधा कॉल सेकंदाला ६४ किलोबिट घेतो. कार्डवाले तोच आवाज ८ किलोबिटमध्ये दाबून पाठवत, म्हणजे एका लाईनच्या जागेत कितीतरी जास्त कॉल मावत. म्हणून आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा.

मोसंबी
आणि मराठी एसएमएस आठवतो का? इंग्रजीत १६० अक्षरं, देवनागरीत ७०. एसएमएसला १४० बाइटच जागा, इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं आणि आपल्याला सोळा लागतात. वर काना-मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजतात. ‘स्त्री’ लिहिलं की सहा गेले. म्हणून सगळं मराठवाडा रोमनमध्ये ‘kasa kay’ न लिहिता काय करणार होता!

हुरडा_पार्टी
त्यावरून आठवलं, येळवशीला (वेळ अमावस्येला) आंबील प्यायला या असा मेसेज मी दोन भागांत पाठवला, दुसराच भाग पोचला. सगळे फक्त “प्यायला या” वाचून आले. यंदा कोण कोण येतंय लातूरला?

संपादक
येळवशीचा वेगळा धागा आहे, गप्पा तिकडं. इथं गोदातीर_२६ यांच्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे.

मांजराकाठ
गोदातीर, उशीर झाला, माफ कर. इंग्रजीची भीती काढून टाक. मीही निलंग्याकडच्या मराठी शाळेतलाच. स्पेसिफिकेशनचं इंग्रजी कादंबरीसारखं नसतं. वाक्यं आखूड, शब्द तेच ते, आणि प्रत्येक वाक्य यंत्रानं काय करायचं एवढंच सांगतं. पहिलं प्रकरण महिनाभर रेंगाळेल, नंतर वेग येतो. आधी एसआयपीचा, म्हणजे इन्व्हाइट-बायच्या त्या पद्धतीचा, आरएफसी ३२६१ हा नियमांचा कागद घे, २००२ चा आहे. त्यातलं सुरुवातीचं उदाहरण समोर ठेवून एक कॉल कागदावर काढ.

लॅब घरीच होते. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स. कामाइलिओ नाहीतर ॲस्टेरिस्क हा कॉल जोडणारा सर्व्हर बसव, दोन मोबाइलवर सॉफ्टफोन म्हणजे कॉलचं ॲप टाक आणि एकमेकांना कॉल लाव. वायरशार्कनं प्रत्येक निरोप पकडून बघ. ते जमलं की ओपन५जीएस (५जी कोअर) आणि यूईरॅन्सिम (फोन अन् टॉवर) घे. अँटेना लागत नाही, फोन आणि टॉवर दोन्ही सॉफ्टवेअरमध्येच असतात, ५जीची पूर्ण नोंदणी डोळ्यांनी दिसते. सगळं फुकट आहे. आणि उमरगेकरांचं ऐक, लिनक्स आणि एक भाषा पक्की कर. सी नाहीतर गो.

ऑफर घे, वडिलांचं मन राख. परदेश हाच रस्ता असंही नाही. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २०२५ मध्ये सुरू झालं, त्यात कोअर सी-डॉटचा आणि रेडिओ तेजस या भारतीय कंपनीचे. काकांनी सांगितलेल्या रॅक्सची तीच संस्था. थ्रीजीपीपीच्या सात भागीदार संस्थांपैकी टीएसडीएसआय ही आपली. इथंही हे काम आहे.

लाईनमनचा_पोर
भर घालतो: एरलँग भाषाही बघून ठेव. एरिक्सनमध्ये १९८६ च्या सुमारास एक्स्चेंजसाठीच तयार झाली. चालू कॉल न तोडता आतलं सॉफ्टवेअर बदलता येतं. वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद राहायची परवानगी असेल तर प्रोग्राम कसा लिहायचा, हे त्यातून शिकायला मिळतं.

गोदातीर_२६
सर, ताई, काका, सगळ्यांचे आभार. ऑफर स्वीकारली. भाऊंचं वाचून लहान भावाला घेऊन वडिलांशीही बोललो.

कामाइलिओ बसवलं. हॉस्टेलच्या वायफायवर दोन फोन लागले! पण मित्र मोबाइल डेटावर गेला की घंटी वाजते, तो उचलतो, मला त्याचा आवाज येतो, त्याला माझा येत नाही. दोन रात्री बसलोय.

मांजराकाठ
शाब्बास! सगळ्यांना पहिल्यांदा हेच होतं. वायरशार्कमध्ये तुझ्या फोनचा इन्व्हाइट उघड आणि खालच्या एसडीपीमध्ये, म्हणजे आवाज कुठं पाठवायचा ते सांगणाऱ्या भागात, ‘सी=’ नं सुरू होणारी ओळ बघ. तिथं कुठला पत्ता आहे?

गोदातीर_२६
१९२.१६८ नं सुरू होणारा.

मोसंबी
तो हॉस्टेलच्या आतला पत्ता. तुझा फोन सांगतोय “मी या पत्त्यावर ऐकतो”, आणि मित्राचा फोन आपला आवाज तिकडं पाठवायला बघतो.

गोदातीर_२६
पण ताई, त्याचा आवाज तर मला येतोय. माझाच जात नाही.

मोसंबी
मग उलटं तपास. त्याच्या ‘ओके’ मधली तीच ओळ बघ. मोबाइल कंपनीच्या आतला पत्ता असेल, १० किंवा १०० नं सुरू होणारा. तुझा आवाज तिथं जातोय आणि पोचत नाहीये. त्याचा तुझ्यापर्यंत कसा येतोय ते मात्र बघायला हवं, हॉस्टेलचा राउटर एसआयपी वाचून मधल्या मध्ये पत्ता बदलत असावा.

मांजराकाठ
बरोबर. राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’, म्हणजे असा पत्ता बदलणारी सोय, चालू आहे का विचार, असेल तर बंद करायला सांग. मग मध्ये आरटीपी-इंजिन बसव, म्हणजे दोघांचाही आवाज तुझ्या सर्व्हरवरून जाईल. सर्व्हरला बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागेल. दोन्ही बाजूंचे ट्रेस इथं चिकटव, पत्त्यांचे शेवटचे आकडे खोडून. शनिवारी सकाळी तुझ्या वेळेनं मी बघतो.

निवृत्त_जेटीओ
मलाही ते सॉफ्टवेअर कुठं मिळतं सांगा. नातवाच्या लॅपटॉपवर बसवून बघतो.